डिझेल हाय का?

माझ्या धंद्यात गिऱ्हाईक गाडीचं दार नंतर उघडतं, तोंड आधी. आणि प्रश्न एकच: डिझेल हाय का? मुंबईचा पाहुणा असला तर "डिझेल आहे ना, काका?", माणगावच्या बाजारपेठेतला व्यापारी असला तर "डिझल छे ने, भाई?", आणि आमच्या खाडीकडचा कुणी असला तर बोनेटवर हात ठेवून "डिझेलच हाय ना?" म्हणतो आणि उत्तराच्या आधीच मान हलवतो. भाषा तीन, खूळ एक. कागद नीट आहेत का, खालून गंजलीय का, कुणी विचारत नाही. पेट्रोलची आहे म्हटलं, की मी मयताची बातमी दिल्यासारखे चेहरे पडतात.

माणगावात महामार्गाला लागून माझं पत्र्याचं आवार आहे. जुन्या जीपा, चिखलात-वाळूत चालणाऱ्या फोर बाय फोर गाड्या मी घेतो आणि विकतो. त्याआधी सगळी जवानी आखातात गेली, वाळवंटाच्या कडेला एका गॅरेजात. तिथले लोक आपल्या इथल्या कुठल्याही सोम्यागोम्यापेक्षा जास्त वाळूत गाड्या हाणतात, घराएवढ्या टेकड्या चढवतात, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या त्यातल्या बहुतेक गाड्या पेट्रोलच्या होत्या. कुणाची इज्जत गेली नाही. हे मी गिऱ्हाइकांना सांगून बघितलं. ऐकतात, हसतात आणि म्हणतात, "ते तिकडे ठीक आहे हो." तौबा! आता सांगायचंच सोडून दिलंय. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

मागे एकदा एक जोडपं आलं. काशीदच्या वरच्या अंगाला त्यांनी फार्महाऊस बांधलेलं. नवऱ्याच्या पायात डोंगर चढायचे बूट, बुटाला मातीचा कण नाही. माझ्याकडे तेव्हा एक पेट्रोलची जीप होती, एका डॉक्टरीणबाईंनी वापरलेली, आतून घरासारखी स्वच्छ. बायको त्या जीपमध्ये जाऊन बसली आणि म्हणाली, "ही छान आहे. आवाज पण नाही."

नवरा हसला. "आवाज नाही हाच तर प्रॉब्लेम आहे. पेट्रोल बायकांना."

मग त्यानं मला डिझेलची सुरू करायला लावली. मोबाईल काढून तिचा आवाज रेकॉर्ड केला, मित्रांना पाठवला. मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, जरा रेज करा." मी पाय दिला. काळा लोट सरळ त्याच्या अंगावर गेला, पांढरा शर्ट मळला, आणि हा बाबा डोळे मिटून तो धूर नाकानं ओढतोय! "काय ताकद आहे!" म्हणतो. मला किळस आली. अरे, ताकद धुरात नसते. धूर म्हणजे न जळलेलं तेल. बायको पेट्रोलच्या जीपमधून उतरली, दार हळूच लावलं आणि आपल्या गाडीत जाऊन बसली. सौदा झाला. मी काही मशिदीत बसलेलो नाही, धंदा करतो.

ह्या गाड्या जातात कुठे ते बघायचं असेल तर रविवारी काशीदला जावं. डोंगर नाही, रान नाही, सगळे येतात ते पुळणीवर. गाडी वाळूत गोल गोल फिरवायची, एकानं टपावर बसून बोंबलायचं, एकानं व्हिडिओ काढायचा. वाहनं आणू नयेत अशी पाटी आहे, त्या पाटीलाच पाठ टेकून बिअर पितात. वाळूवर तेलाचे काळे डाग, त्यावर चिप्सच्या पिशव्या, कुणाच्या तरी बाळाचे लंगोट, वापरलेले, तसेच टाकलेले. सुकट विकणारी म्हातारी टोपली उचलून दूर जाते आणि तिथून ह्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. तिच्या शिव्या इथं लिहिता येणार नाहीत, पण एकही वावगी नाही. मग गाडी रुतते. रुततेच. ताकद आहे ना, म्हणून अजून रेज करतात, अजून रुतते, पोटापर्यंत. भरती चढायला लागली की त्याच मर्दांचे चेहरे बघावेत. दादा, भाऊ, चाचा, काय म्हणाल ते म्हणतात.

पण मुंबईकरांना शिव्या घालणं सोपं आहे. आमची माणसं काय कमी आहेत?

दिघीच्या अलीकडे आमचं गाव. अर्धं आम्हा मुसलमानांचं, अर्धं कोळ्यांचं. दोघांच्याही पडवीत डिझेलचा ड्रम असतो. मच्छीमार सोसायटीचं डिझेल बोटीसाठी स्वस्तात मिळतं आणि बोटीच्या टाकीतलं ते गाडीच्या टाकीत कसं जातं हे सगळ्यांना माहीत आहे आणि विचारलं तर कुणालाच माहीत नाही. बोटीचं इंजिन डिझेलचं, बर्फाच्या कारखान्यातला जनरेटर डिझेलचा, म्हणून गाडीही डिझेलचीच पाहिजे. त्यातून आमच्या नाक्यावर एक समजूत घट्ट बसलीय: डिझेल दर्याला भीत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, ठिणगी पाण्याला भिते. डिझेलला ठिणगीच नाही, मग भीती कसली? असं शहाण्यासारखं तोंड करून सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यानं इंजिन पोटातून जन्माला घातलंय.

एवढं तोंड वाजवायचं कारण माझी आपा.

आपा माझी थोरली बहीण. मेहुणे गेले तेव्हा मागे एक लाकडी होडी आणि एक मुलगा ठेवून गेले. आपा काही दर्यावर जात नाही. कोळीवाड्यातला एक तांडेल ती होडी चालवतो, मासळीचा अर्धा वाटा आपाच्या दारात येऊन पडतो. त्या वाट्यावर तिनं घर चालवलं, मुलाला शिकवलं, मस्कतला धाडलं. जमीन नाही, पेन्शन नाही, दागिने कधीच गेले. होडी आहे तोवर आपा कुणापुढे हात पसरणार नाही, आणि होडी गेली तर माझ्यापुढेसुद्धा पसरणार नाही, उपाशी बसेल. अशी बाई आहे.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. त्याआधी होडी वर काढावी लागते, नाहीतर दर्या तिचे तुकडे करतो. उधाणाच्या भरतीला ती जेवढी वर तरंगत येईल तेवढी आणायची आणि पाणी उतरलं की ओढून माडांखाली न्यायची. एकट्या-दुकट्याचं काम नव्हे. आमच्याकडे रीत अशी, की असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजनंतर मशिदीच्या भोंग्यावर पुकारा व्हायचा, "अमक्याची होडी ओढायची हाय, चला." कोळीवाड्यात निरोप जायचा. सगळे यायचे. आज तुझी, उद्या माझी. माडाचे ओंडके आडवे टाकायचे, दोर खांद्यावर घ्यायचा, "हैशा!" म्हणायचं आणि होडी हातभर पुढे. मजुरी कुणी मागायची नाही. ज्याची होडी, त्याच्या घरी सगळ्यांनी जेवायचं.

आपाच्या होडीचा दिवस म्हणजे आपाची ईद. पहाटेपासून मसाला वाटायला बसायची. तांदळाच्या भाकऱ्यांची चळत, मटणाचं सालन, आणि अंगणात पंगत. नवऱ्याविना राहणारी बाई, एरवी तिच्या दारात कोण येणार? पण त्या दिवशी अख्खं गाव तिच्या अंगणात घाम पुसत बसायचं आणि ती प्रत्येकाच्या ताटावर जाऊन दटावायची, "अरं, जेव की नीट! होडी वढलीस का मांजर?" मी मुंबईची, आखाताची हॉटेलं बघितली. असं जेवण आणि असा दिमाख कुठे बघितला नाही.

मग भाचा मस्कतहून कायमचा परत आला. पहिल्याच आठवड्यात माझ्या आवारात हजर.

"मामू, एक जीप द्या. पावसाआधी होड्या ओढीन. रविवारी काशीदला रुतलेल्या गाड्या काढीन."

खरं सांगायचं तर कल्पना वाईट नव्हती. मी त्याला डॉक्टरीणबाईंची पेट्रोलची दाखवली. ती अजून तशीच पडून होती, तिला कुत्रं विचारत नव्हतं. म्हटलं, घरचा आहेस, घे ही. दोर कोरड्या वाळूवरून लांबून लाव, ही निमूट ओढेल.

तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं मी त्याला बुरखा घालायला सांगितला. "मामू, दर्यावर पेट्रोल? लोक हसतील."

"हसू देत. पाण्यात घालायचीच नाही तर पेट्रोल काय आणि डिझेल काय!"

"पाण्यात घालायला लागली तर? बोटीचं इंजिन बघा. जन्मभर पाण्यात असतं, चालतं का न्हाय?"

"अरे येड्या," मी म्हटलं, "बोटीचं इंजिन बोटीत असतं. पाण्यात बोट असते. इंजिन आत कोरडं बसून हवा ओढतं. जीपचं नाक पाण्यात गेलं तर ती हवेऐवजी पाणी ओढेल, आणि पाणी काही दाबलं जात नाही. आतले दांडे वाकतील, खलास. डिझेल असो नाहीतर गुलाबपाणी असो."

"तुम्ही वाळवंटात शिकलात, मामू. दर्याचं तुम्हाला काय म्हाईत?"

घ्या! दर्याकाठी जन्मलो, दर्याकाठी पुरला जाणार, आणि हे पोर मला दर्या शिकवतंय. संध्याकाळी आपाचा फोन. "त्याच्या बापानं सारा जलम डिझेलवर काढला. तुझं पेट्रोल तुझ्यापाशी ठेव. पोराला डिझेलचीच दे." आता आपापुढे मी काय बोलणार? दिली डिझेलची. निदान हवेची नळी टपापर्यंत उंच करून घे, एवढं बजावलं. त्यानं ते केलं नाही. त्या पैशात टपावर दिव्यांची रांग लावली आणि पुढे-मागे हे एवढे लोखंडी बंपर बसवले. फोटो चांगले येतात म्हणे.

पहिल्या वर्षी जीपनं होडी ओढली तेव्हा गाव बघायला जमलं, टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी कुणी जमलंही नाही. भोंग्यावर पुकारा नाही, कोळीवाड्यात निरोप नाही. होडीच्या मालकानं भाच्याला फोन करायचा, नोटा मोजायच्या, काम झालं. माडाचे ओंडके एका रिसॉर्टवाल्यानं उचलून नेले, त्यांची बाकं केली, आता त्यावर बसून लोक कॉफी पितात. गावातल्या दुसऱ्या नाखव्यांना, म्हणजे होड्यांच्या मालकांना, एवढा आनंद की विचारू नका. त्यातले कितीजण येऊन मला म्हणाले, मामू, आमच्यासाठीपण एक डिझेल बघा. धूर बघून त्यांच्याही तोंडाला पाणी सुटायचं. आपाचं अंगण रिकामं राहिलं. मी विचारलं तर म्हणाली, "बरं झालं की, हात दुखायचे माझे." तोंड मात्र दुसरीकडे फिरवून म्हणाली.

यंदा वारा लवकर फिरला. दर्या गढूळ झाला, उधाण जवळ आलं आणि सगळ्या नाखव्यांना एकदम जीप पाहिजे झाली. भाचा ह्याची होडी ओढ, त्याची ओढ, दिवसभर त्या धुरात. आपाची होडी मात्र पाण्यातच. ती रोज विचारायची, आणि तो रोज म्हणायचा, "घरचीच हाय, अम्मी. घरची कुठं पळून जाते?" गिऱ्हाईक आधी, आई नंतर. रविवारी तरी ओढेल म्हणून आपानं तांडेलाला बोलावून ठेवलं. मीही सुट्टी म्हणून गावी गेलो होतो. आणि भाचा सकाळीच जीप फेरीबोटीत घालून दिघीहून आगरदांड्याला उतरला आणि काशीदला गेला. पावसाआधीचा शेवटचा मोठा रविवार, मुंबईकर वाळूत रुतणार, ती कमाई कशी सोडायची?

आपा पुळणीवर छत्री घेऊन बसून राहिली. सकाळची ओहोटी आली आणि गेली. तांडेल दोनदा म्हणाला, "भाभी, घरी जा, तो आला की हाक मारतो." ती हलली नाही. मी सुरुवातीला भाच्याला फोन लावत होतो, नंतर नुसत्या शिव्या घालत होतो.

तो आला तेव्हा उन्हं कलली होती आणि भरती चांगलीच चढत होती. फेरीला रांग होती म्हणाला. गाडीला चिखल, टपावर कुणाची तरी विसरलेली टोपी. तांडेलानं होडी लाटांवर आणून उभी केली होती. तोच म्हणाला, "आज ऱ्हाऊ दे. उद्या पाणी उतरल्यावर वढू. मी रातभर नांगरावर सांभाळतो."

"उद्या मला दुसऱ्या दोन होड्या हायत," भाचा म्हणाला. "पैसे घेतलेत त्यांचे."

मी म्हटलं, "मग दोर लांब घे, वर कोरड्यात उभी कर." दोर काशीदला तुटला होता. उरलेला आखूड. तेव्हा साहेबांनी जीप उलटी फिरवली आणि मागच्या मागे पाण्यात घातली. मी ओरडतोय, तांडेल ओरडतोय. खिडकीतून हात बाहेर काढून म्हणतो कसा, "काय होत न्हाय, मामू, डिझेल हाय!"

दोर बांधला. जीपनं जोर लावला, मागची चाकं फिरली आणि खाली बसली. अजून रेज, अजून खाली. काळा धूर पाण्यातून बुडबुडे काढत वर येतोय, आणि प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा वर. मग एक लाट आली ती बोनेटवरून गेली. आतून एकच ठोका ऐकू आला, हातोडा मारल्यासारखा, आणि इंजिन बंद. भाचा खिडकीतून बाहेर पडला, छातीभर पाण्यात. जीप तिथेच, आणि तिच्या शेपटाला आखूड दोरानं बांधलेली आपाची होडी. पुढची लाट आली, होडी उचलली गेली आणि नाकावर येऊन त्या लोखंडी बंपरवर आदळली. पुन्हा उचलली. पुन्हा आदळली. तांडेल सुरी घेऊन पाण्यात गेला, दोर कापला, पण तोवर पुढच्या फळ्या फुटल्या होत्या. होडी बाजूला सरकली, पाणी भरलं आणि बसली.

आपा गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली होती आणि प्रत्येक आदळण्याला तिचा खांदा हलत होता, स्वतःला लागल्यासारखा. भाचा ओलाचिंब बाहेर आला आणि त्याचं पहिलं वाक्य काय असावं? "पेट्रोल असती तर आधीच बंद पडली असती." या अल्ला! माझा हात उठला होता. आपानं नुसतं माझ्याकडे बघितलं, म्हणून खाली आला.

सकाळी पाणी उतरलं. होडी वाळूत तिरकी बसलेली, नाकाला भगदाड, पण पाठीचा कणा शाबूत. तांडेल म्हणाला, वर निघाली तर सुतार फळ्या बदलेल, पावसानंतर ती दर्यावर जाईल. आज नाही निघाली तर संध्याकाळच्या उधाणात मोडेल. एवढा साधा हिशोब होता.

मी मशिदीत गेलो. कित्येक दिवसांनी भोंग्यावर होडीचा पुकारा झाला. आले कोण? ज्यांच्यानं स्वतःची काठी उचलत नाही असे म्हातारे, कोळीवाड्यातले तांडेलाचे दोन भाऊ, आणि मागोमाग बाईकवर जवान पोरांचा घोळका. म्हटलं, चला, खांदे तरी आले. ती पोरं बंधाऱ्यावर बसली. मोबाईल काढले. बुडालेल्या जीपचे व्हिडिओ काढायला आली होती ती! नाखवेही आले, पॅन्टच्या घड्या न मोडता उभे राहिले. ज्यांनी आपाच्या अंगणात वर्षानुवर्षं बोटं चाटली, ते. एक म्हणाला, कंबर धरलीय. एक म्हणाला, जेसीबी बोलवा. एकानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, आता ह्याची जीप गेली, तर आमच्या होड्यांचं काय, तुमच्याकडे दुसरी आहे का? मी त्याच्या पायाजवळ थुंकलो. खोटं का सांगू, थुंकलो.

आम्ही मूठभर लोकांनी दोर खांद्यावर घेतला. म्हाताऱ्यांनी "हैशा" म्हटलं. होडी हलली नाही. पुन्हा म्हटलं. एक म्हातारा वाळूत बसला तो उठेना. बंधाऱ्यावर कुणीतरी हसलं.

आपा होडीतलं पाणी बादलीनं उपसत होती. बादली ठेवून ती माझ्याकडे आली. "तोंड घेऊन उभा राहू नको. माणगावास्नं गाडी आण. डिझेलची आण. तुझ्या पेट्रोलचं कौतुक मंग कर."

मी गेलो. रस्ताभर स्वतःशी बडबडत गेलो. आवारात डॉक्टरीणबाईंची जीप होती, पण उभ्या उभ्या तिची चाकं बसली होती, बॅटरी मेली होती. जे कुणाला नको असतं त्याची तीच गत होते. शेजारी एक डिझेलची उभी होती, पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं बयाणा देऊन ठेवलेली. तीच काढली. शेजाऱ्याच्या क्रेनचा लांब दोर मागून घेतला. म्हसळ्याच्या घाटात ती अशी काळं ओकत होती की मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या देत होते, आणि मी काचा लावून, नाक दाबून हाणत होतो.

परत पोचलो तेव्हा पाणी फिरलं होतं, भरती लागली होती. आपा आणि तांडेलानं होडी रिकामी करून ठेवली होती, खाली केळीचे खुंट सरकवले होते. मी जीप वर कोरड्या वाळूवर, माडांच्या सावलीत उभी केली, लांब दोर बांधला आणि हळूहळू, क्लचवर, ओढली. होडी करकरली, सरळ झाली आणि निघाली. एवढंच काम होतं. बंधाऱ्यावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. होडीसाठी नाही, जीपसाठी.

मी उतरलो तोवर नाखवे गाडीभोवती जमलेच होते. एक टायरला लाथ मारून बघत होता. आपा खालून चालत आली, कोपरापर्यंत चिखल, ओढणी कमरेला बांधलेली. मला वाटलं ती होडीकडे जाईल, भगदाड बघेल. ती जीपकडे आली. तापलेल्या बोनेटवर तिनं तळहात ठेवला, ओठ हलले, आणि ताप आलेल्या पोराच्या कपाळावर दुआ पढून फुंकतात तशी तिनं त्या पत्र्यावर फुंकर घातली.

"आपा," मी म्हटलं, "असल्याच एका गाडीनं काल तुझी होडी फोडली."

"फोडली, व्हय," ती म्हणाली. तिनं नाखव्यांकडे बघितलं, बंधाऱ्याकडे बघितलं. "सगळ्यांना मी माझ्या हातानं वाढलं. आज आलं कोन? ही आली." मग चिखलाचा हात माझ्यापुढे केला. "हिला आता परत न्हेऊ नको. चावी दे."

मी दिली.